'प्रॉब्लेम' लिहायचा नाही!

आमच्या ऑफिसातले किस्से सांगायला बसलं की चहा निवतो, पण किस्से संपत नाहीत. लोक हसतात, मला मात्र अजून हसू येत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. परदेशी पार्टीला इंग्लिशमधून मेल लिहायचं काम माझं. एकदा मी 'रंगात प्रॉब्लेम आहे' असं कळवलं आणि पार्टीनं ऑर्डरच रद्द केली!

मालक कडाडले, "दुसरा शब्द न्हाय व्हय रं तुझ्या इंग्लिशमदी?"

तेव्हापासून तो शब्द बंद. इश्यू, मॅटर, कन्सर्न, काहीही लिहा. प्रॉब्लेम लिहिणारा घरी बसणार!

* * *

दुसऱ्याच आठवड्यात दिवसभर लाईट नव्हती. माग बंद, माल अडकलेला. मी घाबरत घाबरत लिहिलं, 'स्मॉल पॉवर चॅलेंज.'

पार्टीचं उत्तर आलं, "बेस्ट ऑफ लक!"

मालक खूश. "आता शिकलास बग!"

* * *

अकाउंट्सच्या श्रीनिवासच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. भीतीपोटी त्यानंही ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, 'स्मॉल कन्सर्न ॲट होम.'

मालकांचा रिप्लाय, "स्मॉल हाय न्हवं? मग संध्याकाळी जा की!"

दुपारी दवाखान्यातूनच फोन आला. वडील वाचले, पण थोडक्यात.

* * *

मग एकदा पार्टी स्वतः कारखाना बघायला आली. पाहुण्यांसमोर कुणी तोंड उघडायचं नाही, जे काय असेल ते ग्रुपवर टाकायचं, अशी मालकांची सक्त ताकीद. मालक त्यांना रंगखात्यात घेऊन गेले.

तेवढ्यात बॉयलरवरचे शब्बीरभाई धावत ऑफिसात आले. "प्रेशरका काटा लालमें गया, वॉल्व खुलता नै! मालिककू लिको जल्दी!"

रंगखातं बॉयलरला लागूनच. तिथं चाळीसेक माणसं. मी मोबाईल काढला. 'मायनर इश्यू' लिहिलं, खोडलं. 'अर्जंट मॅटर' लिहिलं, खोडलं. मनात एकच, नोकरी गेली तर?

शब्बीरभाईंनी माझ्या मोबाईलमध्ये डोकावून बघितलं. "अरे बावा, लफ्जां क्या ढूंडरा? सबकू बाहर निकालो!"

आणि त्यांनी जाऊन सरळ भोंगाच वाजवला.

सगळे रस्त्याकडे पळाले. मालक पार्टीचा हात धरून सगळ्यांत पुढे! शेवटचा माणूस फाटकाबाहेर आला आणि मागे धडाम् आवाज झाला. शेडचे पत्रे उडाले, वाफेत काही दिसेना.

पार्टी पांढरीफटक. "व्हॉट हॅपन्ड?"

आम्ही सगळे मालकांकडे बघत होतो. मालक घामाघूम, एका पायात चप्पल नाही. धापा टाकत ते हसले आणि म्हणाले,

"नथिंग सर! टी ब्रेक!"