वाऱ्याची बाजू

शमीमआपा सायकलवर टांग टाकण्याआधी रस्त्याकडेची चिमूटभर माती उचलायच्या आणि खांद्याच्या उंचीवरून बोटांतून हळूहळू सोडायच्या. माती कुठे वाहते ते बघायच्या आणि मग रस्त्याची कुठली कड धरायची ते ठरवायच्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, असेल काहीतरी नेमधर्म. असल्या गोष्टींत मी कोरडी बाई. कचेरीत जन्मभर टाइपरायटर बडवला, समोरच्या कागदावर जे नाही ते टाइप करायचं नाही, एवढंच शिकले. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सांगताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतं.

आमची ओळख सावेडीतल्या सायकलच्या दुकानात झाली. माझ्या रक्तात साखर निघालेली, चालून चालून टाचा धरलेल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले सायकल चालवा. मी दुकानात एका सायकलवर बसून बघत होते. सत्तरीला टेकलेली एक काटक बाई चेन बदलायला आली होती. सलवार-कमीज, डोक्याला घट्ट गुंडाळलेली ओढणी, त्यावर हेल्मेट आणि गळ्यात शिट्टी. मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाल्या तरी ती शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, सीट वर घ्या. गुडघे हनवटीला लावून कुठवर जानार?" त्या दिवसापासून मी त्यांच्या वर्गात बसले म्हणायला हरकत नाही.

आपा एका दिवसात दोनशे किलोमीटर चालवून यायच्या आणि घरी येऊन पोळ्या लाटायच्या. शाळेत छापील मराठी बोलत असतील, पण सायकलवर बसल्या की राहुरीकडची गावाकडची बोली तोंडात यायची. "गुडघा तेल मागत न्हाई, काम मागतो," हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं, "वारा म्हंजे न दिसनारा घाट." हिवाळ्यात स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायच्या, पावसाळ्यात सीटला दुधाची पिशवी बांधायच्या, उन्हाळ्यात हेल्मेटखाली ओला पंचा. खिशात बारा महिने शेंगदाणे आणि गूळ. रमजानात लांबच्या राइड बंद असत, तेवढीच काय ती सुट्टी.

आणि तिसरं सूत्र, जे त्यांनी माझ्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवलं. मला बोलायची फार सवय. मागून बोलता बोलता मी शेजारून जाणाऱ्या माणसाकडे बघायची आणि हँडल त्या बाजूला वळायचं. एकदा मी अशीच एका शेळ्यांच्या कळपात शिरले. आपांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाल्या, "जिकडं नजर, तिकडं हँडल. शेजारी कोन हाय त्ये बघायचं न्हाई. असलं तर असू दे. समोर बघायचं."

वर्षभराने माझा दम वाढला तेव्हा त्यांनी मला त्यांच्या नेहमीच्या रस्त्यावर नेलं. नगरहून विळद घाट उतरून राहुरीच्या दिशेने जायचं आणि मग हायवे सोडून कालव्याच्या कडेच्या अरुंद रस्त्याला लागायचं. हायवेवर आपा शहाण्यासारख्या सरळ रेषेत चालवत. कालव्याचा रस्ता लागला की थांबायच्या, माती सोडायच्या आणि कड धरायच्या.

तो पावसाळा होता. आम्ही उत्तरेला चाललेलो, वारा डावीकडून, पश्चिमेचा, तोंडावर पाणी मारणारा. रस्ता अख्खा मोकळा, तरी आपा डाव्या कडेला चिखलातून चालवत होत्या. उजवीकडे चांगला डांबरी रस्ता रिकामा पडलेला. मला वाटलं, शेजारून चालवावं, चार शब्द बोलावेत. मी पायडल मारत त्यांच्या उजवीकडे आले.

"मागं या," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"का हो आपा? रस्ता रिकामा तर आहे."

"रिकामा न्हाई. मागं या."

मी मागे आले आणि परतेपर्यंत फुगून बसले. घरी येऊन सुनेला सांगितलंसुद्धा, की बाई चांगली आहे पण जरा शिष्ट आहे.

हिवाळ्यात पुन्हा तोच रस्ता. आता आपा रस्त्याच्या मधोमध चालवत होत्या आणि डाव्या कडेला बरोबर एका सायकलीपुरती जागा सोडलेली. आता वारा उजवीकडून, पूर्वेचा, कानात सुया टोचणारा. वाटेत एका लोहाराचं खोपट होतं आणि तिथलं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराच्या पोटऱ्या मोजायचं. त्या दिवशी ते भुंकत सुटलं ते थेट त्या मोकळ्या जागेकडे, आणि तिथे पोचल्यावर गप्प झालं. शेपटी हलवत थोडं अंतर बरोबर चाललं. मग माझ्यावर धावून आलं. आपांनी शिट्टी वाजवली नाही, मागे वळूनही बघितलं नाही.

उन्हाळ्यात सकाळचा वारा पडलेला असतो. माती सरळ खाली पडली. तरी आपांनी मधली बाजूच धरली. मी मागून बघत होते. ऊन उजवीकडून तिरपं येत होतं आणि आपांची सावली त्यांच्या डावीकडे, सोडलेल्या जागेवर पडत होती. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पावसाळ्यात पाणी ज्या अंगाने, हिवाळ्यात गारठा ज्या अंगाने, उन्हाळ्यात ऊन ज्या अंगाने, आपा त्या अंगाला. आणि त्यांच्या आडोशाला कुणीतरी. उन्हाळ्याच्या त्या सकाळी मी हँडल इतकं घट्ट धरलं की घरी गेल्यावर तळहात दुखत होते.

कालव्याच्या पुलावर आम्ही गूळ-शेंगदाणे खायला थांबायचो. तिथे मी सरळ विचारलं. माझा स्वभावच तसा, पोटात काही राहत नाही.

"आपा, तुमच्या शेजारी कोण असतं?"

त्यांनी गुळाचा खडा तोडून माझ्या हातावर ठेवला. "नसीम. धाकटी बहीन माझी. छातीची कच्ची, हवा बदलली की धाप लागायची. अब्बांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान, म्हून आमा दोगींना सायकली. ह्याच रस्त्यानं राहुरीला शाळंत जायचो. अम्मीचं एकच सांगनं, शमीम, वाऱ्याकडनं तू ऱ्हा, तिला आडोशाला घे."

"मग?"

"एका हिवाळ्यात आमचं भांडान झालं. माझा सवेटर घालून तिनं फाडला हुता. लई काय न्हवतं. मी रागानं फुडं निघून गेले. म्हनलं, येईल मागनं. शाळंत घंटा झाली तरी ही न्हाई. उलटी फिरले." त्यांनी मागे वळून रस्त्याकडेच्या कडुलिंबाकडे हनुवटी केली. "त्याच्याखाली बसली हुती. सायकल नीट स्टँडवर लावलेली. कुनी धडक दिली न्हाई, कुनी हात लावला न्हाई. वारा तेवढा हुता."

कालव्यात पाणी नव्हतं, त्यामुळे आवाजही नव्हता. त्या पुढे म्हणाल्या, "तवापासनं मी बाजू सोडली न्हाई. मी थांबले तर ती ह्या रस्त्यावर एकटी. लोक म्हंत्यात, ह्या वयात आपा कशी फिरती बघा. मी फिरती कुठं? मी तिला नेऊन आनती."

मला काहीतरी शहाण्यासारखं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "तीही म्हातारी झाली का हो?"

आपा हसल्या. "न्हाई गं. मीच झाले. माझ्या जोडीनं यायला तिला आता हळू चालवावं लागतंय."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी बाई नव्हते, सुलभा होते. मला त्यांची दया आली, प्रेमही वाटलं, आणि भीतीही वाटली. तसं बघायला गेलं तर हा वेडेपणाच. पण ज्या वेडाने माणूस सत्तरीत दम न लागता विळद घाट चढतो, त्याला वेड तरी कसं म्हणायचं, हे मला कळत नव्हतं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपांना काचबिंदू सांगितला. समोरचं त्यांना स्वच्छ दिसायचं, कडेचं मात्र दिसेनासं होत चाललं होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. हंगाम सुरू झाला होता आणि फॅक्टरीकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर आडव्या रस्त्याने आला. आपा सरळ चालल्या होत्या. मी मागून ओरडले. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबला आणि उसाची दोन-चार टिपरं आपांच्या पुढ्यात येऊन पडली. ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आज्जे, आवो मी एवढा हत्तीएवढा, दिसलो न्हाई व्हय?"

आपांनी डावीकडे, मोकळ्या जागेकडे हात लांब केला, कुणाचा तरी खांदा चाचपावा तसा, आणि म्हणाल्या, "चल."

त्यांच्या मुलाने सायकल काढून घेतली. भला माणूस, आवाजही न चढवता माडीवर नेऊन ठेवली. आईचे पाय चालते राहावेत म्हणून जागच्या जागी फिरणारी व्यायामाची सायकल आणून दिली. मी भेटायला गेले तेव्हा आपा तिच्यावर बसून होत्या. "चाक फिरतंय सुलभा, पन रस्ता सरकत न्हाई. ती कशी येनार हितं?"

तेव्हाच त्यांनी मला ते मागितलं. "माझ्यामागं तिला वारा लागंल. तू जातीस न्हवं त्या रस्त्यानं? बाजू धरशील?"

"आपा, मी असल्या गोष्टी मानत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मानू नको," त्या म्हणाल्या. "कोन म्हनतंय मान? फकस्त बाजू धर."

आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं. आणि त्यानंतर मी त्या रस्त्याला फिरकलेच नाही. भिंगारकडे जायची, केडगावकडे जायची, एकदा सुप्यापर्यंत जाऊन आले. मानत नाहीस तर घाबरतेस कशाला, असं स्वतःलाच विचारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसराच रस्ता धरायची. आपा विचारायच्या नाहीत. खिडकीशी बसून बाहेर झाडाची पानं कुठे झुकतात ते बघत असायच्या, आणि कधी नुसतंच म्हणायच्या, "आज वारा लई हाय."

पावसाळा सरता सरता आपा गेल्या. पहाटेच्या नमाजाला उठल्या नाहीत म्हणून सून बघायला गेली, तर झोपेतच शांत झालेल्या. मी दुपारी पोचले. बायकांच्या घोळक्यात सून मला म्हणाली, "मावशी, एक कळत नाही. एवढा मोठा पलंग, आणि अम्मी अगदी कडेला. खिडकीकडे पाठ करून. भिंतीकडची अर्धी जागा तशीच मोकळी." मी तिचा हात हातात घेतला. मला रडू आवरेना.

थंडी पडल्यावर मी गेले. शब्द दिला होता, आणि तो पाळला नाही ही टोचणी आता साखरेपेक्षा जड झाली होती. विळद घाट उतरले, कालव्याच्या रस्त्याला लागले, थांबले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून चिमूटभर माती उचलली. माझ्या कचेरीतल्या कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, सुलभाबाईंचं डोकं फिरलं. मी माती सोडली. ती डावीकडे वाहत गेली. वारा उजवीकडून, पूर्वेचा. मी रस्त्याच्या मधोमध आले, डाव्या कडेला एका सायकलीपुरती जागा सोडली आणि निघाले.

वारा कालव्यावरून सरळ येत होता. उजवा कान दुखायला लागला, उजव्या डोळ्यातून पाणी, स्कार्फचं टोक तोंडावर फडफडतंय. आपा इतकी वर्षं हे सोसत होत्या, तेही बोलत, हसत. लोहाराच्या खोपटाशी कुत्रं उठून उभं राहिलं. भुंकलं नाही. मी समोर बघत राहिले.

लिंबाचं झाड मागे पडलं आणि स्कार्फचं टोक खाली आलं. खांद्यावर पडून राहिलं. उजवा कान दुखायचा थांबला. मला वाटलं, वारा पडला. पण डावीकडचा ऊस तसाच वाकलेला होता, तुरे पश्चिमेकडे लवलेले, आणि समोर रस्त्यावरून पाचट उजवीकडून डावीकडे सरसरत जात होतं.

मी ब्रेक दाबला. जन्माची संशयी बाई मी, खात्री केल्याशिवाय कुठलाही कागद पुढे सरकवला नाही. उतरले, वाकले, चिमूटभर माती उचलली आणि खांद्याच्या उंचीवरून सोडली.

माती सरळ खाली आली आणि माझ्या बुटावर पडली.

उसाचे तुरे अजून हलत होते. माझा उजवा गाल उबदार लागत होता, कुणीतरी अगदी जवळ उभं असावं तसा. पळावंसं वाटलं नाही. मी सायकल पुन्हा त्याच बाजूला घेतली, डावीकडची जागा तशीच मोकळी ठेवली आणि टांग टाकली.

जिकडं नजर, तिकडं हँडल. मी पुलापर्यंत समोर बघत गेले.