तीन क्लस्टर, एक पडदा आणि राणीसावरगावचा माठ

एप्रिलात परभणी जिल्ह्यात कोण जातं? मी गेले. हौसेनं नाही हो, साहेबांनी पिटाळलं म्हणून! पिकांच्या हवामानाची आकडेमोड करणारे आमचे तीन क्लस्टर, म्हणजे एकाच कामाला जुंपलेले संगणकांचे ताफे, जिंतूर, सोनपेठ आणि राणीसावरगावात आहेत. पुण्यात बसून तिघांवर एकाच पडद्यावर नजर ठेवायची सोय मला करायची होती. वर साहेबांची कानगोष्ट: "राणीसावरगावचा ताफा रोज दुपारी बंद पडतो. आकडा तर खोली थंड दाखवतोय. म्हणजे तिथला नामदेव तो बंद करून झोपतो. पुरावा आण, काढून टाकू."

परभणीहून जिंतूरला एसटीनं सकाळीच निघा आणि सावलीची खिडकी धरा. मी उन्हाची धरली, भाजून निघाले. स्टँडबाहेर भजी झकास, चहा म्हणजे नुसता पाक. जिंतूरचं काम तासाभरात उरकलं. दुसऱ्या दिवशी सोनपेठला आठवडी बाजारातून बॅग डोक्यावर धरून वाट काढली, पण तोही ताफा पडद्यावर आला.

तिसऱ्या दिवशी गंगाखेडला गाडी बदलून राणीसावरगाव. तिथले ऑपरेटर नामदेवकाका, पन्नाशीचे. त्यांनी आधी माठातलं गार पाणी दिलं. खोली म्हणजे भट्टी! दोन संगणक तापून बंद पडलेले, हात लावला तर चटका. आणि ताफा जोडल्यावर माझ्या पडद्यावर? हिरवंगार, बावीस अंश.

उष्णता मोजणारा सेन्सर मीच कुरिअरनं पाठवला होता. त्याची वायर धरून शोधत गेले, तर तिच्या टोकाचा सेन्सर दारामागे, माठाला टेकवून ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"काका, हे काय?"

"साहेबच म्हणले, काटा पंचवीसच्या वर जाऊ देऊ नका. तासातासाला फडकं भिजवायलोय म्याडम. लय जपलंय त्याला."

आधी फिस्सकन हसले, मग लाज वाटली. सेन्सरसोबत कुठं लावायचा याची एक चिठ्ठी टाकायला मला काय झालं होतं? आणि झोपतो म्हणून या माणसाला घरी बसवणार होतो आम्ही!

वायर काढून संगणकांजवळ लावली. आकडा चढला, पडदा लाल झाला. काकांचं तोंड उतरलं. "आता मला काढतेत."

"काका, लाल झालं म्हणूनच वाचलात! मशीन उन्हानं बंद पडतात, तुम्ही नाही करत, हे आता दिसलं."

माठाचा फोटो साहेबांना धाडला आणि चिठ्ठीची चूक माझी, हेही लिहिलं. उत्तर आलं: "एसी पाठवतो. नामदेवला राहू दे."

आता घरी चहा घेताना पडदा उघडते. राणीसावरगाव हिरवं दिसलं की अजूनही फोन करते.

"काका, वायर कुठंय?"

"मशीनपाशीच हाय म्याडम. माठापाशी आता नुसता पेला हाय."