दचकू न देणारे साहेब

जगात कुणालाही दचकू द्यायचं नाही, असा विडा उचललेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका बोईसरच्या आमच्या केमिकल कारखान्यात मॅनेजर होता! प्लँटमध्ये स्फोट झाला. जीव सगळ्यांचे वाचले, पण त्यानंतर पाळीचा भोंगा वाजला की माणसं टेबलाखाली शिरायला लागली, आणि साहेबांना खूळ लागलं. त्यांनी भोंगाच बंद केला. पाळी सुटली की स्वतः फिरून प्रत्येकाच्या कानाशी हळूच "चला, घरी" म्हणायचे. त्या कुजबुजीनेच आमचा फोरमन जास्त दचकायचा! शिंकायचं असेल तर आधी हात वर करायचा. कँटीनच्या कुकरची शिट्टी जप्त, त्यामुळे डाळ कायम कच्ची. तक्रार केली तर म्हणायचे, "पोटदुखीवर गोळी मिळते हो, धसक्यावर कुठे मिळते?"

खरा घोर होता जयवंतचा. चिंचणीचा हा ऑपरेटर स्फोटानंतर रोज फाटकापर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा. आत पाऊलच पडत नव्हतं. मालकांनी बजावलं, दसऱ्यापर्यंत आत आला नाही तर दुसरा माणूस घेऊ. साहेबांनी काय करावं? आपलं टेबल उचलून फाटकाशी, त्याच्या शेजारी मांडलं! ट्रकवाले त्यांनाच वॉचमन समजून "भाईसाब, गेट खोलो" म्हणायचे आणि हे निमूट खोलायचे. जयवंतला एकदाही "चल" म्हणाले नाहीत. सुकट भाजावी की तळावी, यावर मात्र त्याच्याशी तावातावाने भांडायचे.

दसऱ्याला यंत्रांची पूजा. नारळ फोडला की आवाज होणार, म्हणून साहेब करवतीने नारळ कापायला बसले! भटजी फुलं घेऊन ताटकळले, नारळ गरगरा फिरतोय, साहेब घामाघूम. फाटकावरून बघणाऱ्या जयवंतला काही राहवेना. तो तरातरा आत आला. "अवो साहेब, ह्यो नारळ हाय, लाकूड नाय! द्या, मी फोडतो."

त्याने प्लँटच्या उंबऱ्यावर नारळ आपटला. फाडकन आवाज झाला. जयवंत जागचा हलला नाही. आम्ही आनंदाने साहेबांकडे वळलो, तर साहेब कुठेत? पूजेच्या टेबलाखाली, कानांवर हात घट्ट दाबून. स्फोटाच्या दिवशी तेही आतच होते. साऱ्या कारखान्याची विचारपूस करणाऱ्या त्या माणसाला, तुम्ही कसे आहात, असं कुणीच विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

जयवंत वाकून टेबलाखाली शिरला आणि त्यांच्या शेजारी फतकल मारून बसला. "बाहेर या" म्हणाला नाही. खोबऱ्याचा तुकडा पुढे करून म्हणाला, "घ्या साहेब. घाई नाय कसली. मी हाय इथं."