ते जिवंत पोचायला हवं होतं

"ताई, आजार परत आलाय. आणि पहिल्या औषधाला तो आता दाद देणार नाही."

याला प्लॅटिनम रेझिस्टंट म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्या केमोनं माझे केस, भुवया आणि तोंडाची चव नेली, तिची माझ्या अंडाशयाच्या कॅन्सरला सवय होऊन गेली होती.

"मग आता?" मी विचारलं.

"चार-पाच औषधं आहेत. एक देऊन बघायचं. नाही चाललं तर दुसरं."

मला संताप आला. साडी घेतानासुद्धा आपण पदर खांद्यावर टाकून बघतो, आणि इथे जिवाचा प्रश्न असताना नुसता अंदाज?

माझा चेहरा बघून त्यांनी ड्रग सेन्सिटिव्हिटी टेस्टचं सांगितलं. गाठीतल्या जिवंत पेशी लॅबमध्ये छोट्या बशांत वाढवतात, प्रत्येक बशीत वेगळं औषध घालतात आणि कशानं मरतात ते बघतात. "बशीत झालं ते शरीरात होईलच असं नाही," ते म्हणाले. "सगळे डॉक्टर ही टेस्ट मानतही नाहीत. पण जे बशीतसुद्धा चालत नाही, ते टाळता येईल." अट एकच, पेशी जिवंत पोचायला हव्यात. परगावच्या लॅबनं त्यासाठी गुलाबी पाण्याची बाटली आणि बर्फाचा डबा पाठवला.

दुर्बिणीतून तुकडा काढला. आपल्याकडे पेशंट आत आणि नातेवाईक बाटली घेऊन लॅबच्या जिन्यावर, हे ठरलेलंच असतं. माझे मिस्टर औषधं आणायला गेले होते, म्हणून बाटली माझ्या धाकट्या दिरांच्या, शिवानंदभावजींच्या हातात आली. मागच्या खेपेचा तुकडाही त्यांनीच नेला होता. तेव्हा फॉर्मलिन, म्हणजे तुकडा कुजू नये म्हणून घालतात ते औषध, कमी पडलं म्हणून लॅबवाल्यानं त्यांना चारचौघांत झापलं होतं. या वेळी नुसतं गुलाबी पाणी बघून त्यांना शंका आली. ओळखीच्या लॅबमधून फॉर्मलिन आणून त्यांनी ते बाटलीत ओतलं.

"वहिनी, काळजीच करू नका. काठोकाठ घालून पाठवलंय," भूल उतरत असताना ते मला सांगत होते. मी मान हलवली.

लॅबचा फोन आला. फॉर्मलिननं पेशी सगळ्या मेलेल्या. ज्याला मारायला औषध सापडत नव्हतं, ते भावजींनी एका बाटलीत मारून दाखवलं होतं. मी हसले आणि मग रडत बसले. तुमच्यावर ही वेळ आली तर ऑपरेशनच्या आधीच विचारा, तुकडा कशात ठेवायचा आणि कशात ठेवायचा नाही.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा पोटात दुर्बीण घालायला नको. पोटात पाणी होतं, म्हणजे असायटिस, त्यातही पेशी असतात. पुरेसं पाणी साठलं की काढू. तोवर केमो नाही. पण फार थांबता येणार नाही, नाहीतर अंदाजानंच सुरू करावं लागेल.

मग मी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये अडकले. ऐन उन्हाळा. जिना उतरू देत नव्हते, उताणं झोपलं की दम लागायचा, कुशीवर वळलं की पोट ओढायचं. खिडकीच्या गजांतून खालच्या रिक्षा बघायच्या आणि शिवणाच्या टेपनं पोट मोजायचं. माझ्याच पोटात पाणी वाढावं म्हणून मी वाट बघत होते. शेजारीण म्हणाली, "पोट उतरलंय की हो!" तेव्हा तिला घराबाहेर काढावंसं वाटलं.

सासूबाईंना आम्ही कानडीत अत्ती म्हणतो. रोज सकाळी त्या लिंगपूजा करतात. एकदा पूजा अर्धी ठेवून त्या माझ्याकडे आल्या.

"आता देवाला काय मागू गं? ते मरू दे म्हणू, का जगू दे म्हणू?"

"आधी जगू दे म्हणा, अत्ती. लॅबपर्यंत. मग मरू दे."

"देवाचा लई घोळ व्हायचा बघ," त्या पुटपुटल्या.

शेवटी पाणी साठलं. सुईनं काढलं. ते कोण नेणार? भावजींनी त्या दिवसापासून तोंड दाखवलं नव्हतं. मी त्यांना बोलावून घेतलं.

"नको वहिनी. माझ्या हातनं परत कायतरी व्हायचं."

पण काय करू नये हे घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले. वाटेत चहालासुद्धा उतरले नाहीत, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. पेशी जिवंत पोचल्या.

रिपोर्ट आला. बहुतेक औषधं निकामी. डॉक्टर अंदाजानं जे पहिलं देणार होते, तेही त्यातच. एकानं मात्र चांगलं काम केलं होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं औषध तुमचं असेलच असं नाही.

अत्ती हट्टानं दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे तितलं मेलं?"

"हो आजी. बशीतलं बरंचसं मेलं."

"आणि हिच्या पोटातलं?"

डॉक्टर उगाच धीर देतील असं मला वाटलं.

"ते मला माहीत नाही, आजी," ते म्हणाले. "आजपासून बघायचं."

इतक्या दिवसांत मला याहून मोठा धीर कुणी दिला नव्हता. सिस्टर सलाईन घेऊन आल्या. मी माझ्या हातानं बाही वर सारली.