तिसऱ्या खेपेचा अभ्यास

जे. पी. नगरमध्ये आमच्या शेजारच्या खोलीत निपाणीची एक मुलगी एकटीच राहायची. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला ती तिसऱ्यांदा बसणार होती. जिन्यात भेटली की पुस्तकातून डोकं वर न काढता कानडीत "सरी, अक्का", म्हणजे "बरं, ताई", म्हणत बाजूला व्हायची. रोज दुपारी गॅलरीतून आईला फोनवर सांगायची, "हो, मैत्रिणींबरोबरच जेवले." तिच्याकडे कुणी आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

एका रविवारी तिने आमचं दार वाजवलं आणि जीवशास्त्राचं पुस्तक पुढे केलं.

"अक्का, स्वल्प प्रश्न विचारता?"

मी धडा संपेपर्यंत विचारत गेले. तिचं एकही उत्तर चुकलं नाही.

"तुला तर सगळंच येतंय की गं!"

"येतंय ओ," ती खाली बघत म्हणाली. "पण कुणीतरी विचारावं, असं वाटत होतं."

मी पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.