तांबडी गिटार आणि वसंताची चूल

आमच्या ऑर्केस्ट्रातली जुनी मंडळी कुणाच्या लग्नाकार्यात भेटली, की गाण्यांबद्दल कुणी बोलत नाही. शॉकबद्दल बोलतात. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर एवढ्या पट्ट्यात आम्ही ऐंशीच्या दशकात पूजा, हळदी, गणपती सगळं वाजवलं, आणि प्रत्येकाकडं आपापला शॉक आहे. एकानं सांगितला की दुसऱ्याला त्याहून मोठा आठवतो. मी काँगो वाजवायचो, म्हणजे चामडं आणि लाकूड. मला एकही बसला नाही, त्यामुळं मला वाढवून सांगायची गरज नाही. ऐका.

यात माणसं तीनच. दिल्या, म्हणजे दिलीप, आमचा गिटारवाला. वसंता, कारखान्यात मोटर वाइंडिंगला असलेला आणि घरी ॲम्प्लिफायर बनवणारा. आणि दिल्याची आई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. मावशीला नवरा नव्हता, दुसरं मूल नव्हतं. दिल्याला गिटारशिवाय दुसरं काही नव्हतं. एवढं डोक्यात ठेवा, कारण हसता हसता मंडळी नेमकं हेच विसरतात.

* * *

दिल्याची गिटार त्याच्या मामानं आणलेली. मामा बोटीवर खलाशी. साठच्या दशकात कधीतरी जपानातून घेऊन आला. तांबडा रंग, आणि पोटाला फिडलला असतात तशी दोन भोकं. आत मधोमध भरीव ठोकळा आणि दोन्ही बाजू पोकळ. आम्ही तिला तांबडी म्हणायचो. दुकानातल्या ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्प्लिफायरला लावली की मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी वाजायची. दिल्या रडकुंडीला यायचा.

वसंतानं एकदा तिच्या पोटाला कान लावला, तार छेडली आणि म्हणाला, हिला व्हॉल्व्ह पाहिजेत. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे ना, ते. तोवर लोकांनी ते रेडिओ भंगारात काढले होते. दिल्या, वसंता आणि मी उल्हासनगरच्या कॅम्प एक भागात गेलो. तिथं एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराकडं मेलेल्या रेडिओंचा ढीग होता. वसंतानं दुपारभर त्यात बसून धूळ खाल्ली आणि आठ-दहा व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर निवडले. हे चालतील ना, असं मी विचारलं. म्हातारा वर न बघता म्हणाला, "बजा तो तेरा नसीब. नहीं बजा तो मेरे को शकल मत दिखाना."

चहाच्या खोक्याच्या प्लायवूडची पेटी झाली, मागं जाळी. चालू केलं की आत व्हॉल्व्ह लाल व्हायचे आणि थंडीत हात शेकता यायचे. नाव पडलं चूल. तांबडी चुलीला लावून दिल्यानं पहिली तार छेडली, आणि ती खोलीभर घुमली. इतके दिवस ती बिचारी नाक दाबून गात होती, असं वाटलं.

* * *

आता वसंताचा हात.

चुलीच्या पोटात तीनशे व्होल्टच्या वर करंट. प्लग काढला तरी तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो आणि बेसावध माणसाला धरतो. दोन्ही हात आत घातले तर एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हातानं बाहेर पडतो. म्हणून वसंता कामाला बसला की डावा हात मागच्या खिशात. मरायचं तर निदान हृदय सोडून, असं म्हणायचा.

मुलीकडचे त्याला बघायला आले ते तासभर आधीच. चूल टेबलावर उघडी, कंडेन्सर भरलेला. वसंता तिथून हलायला तयार नाही, कारण मुलीचे मामा कौतुकानं वाकून वाकून आत बोट दाखवत होते, हे काय, ते काय. वसंता घामाघूम. एका हातानं नमस्कार, एका हातानं चहा, एका हातानं पोहे, आणि नजर मामांच्या बोटावर. डावा हात खिशातच. सवयच ती. शेवटी मामांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मुलगा चांगला आहे हो. पण डावा हात... जन्मापासून?"

लग्न जमलं. साखरपुड्याला मात्र मामांनी त्याला डाव्या हातानं पेढा भरवायला लावला, आणि तो पडतो का ते बघत उभे राहिले.

* * *

पोकळ गिटारीचा एक स्वभाव असतो. मोठा आवाज तिच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं, ते थरथरणं ॲम्प्लिफायरमधून मोठं होऊन पुन्हा तिच्याच पोटात शिरतं, आणि मग ती कुणी न वाजवता बोंबलायला लागते.

बदलापूरच्या पुढं एका शेतकऱ्याच्या अंगणात हळद होती. जागा अडचणीची, दिल्याला चुलीला खेटून उभं केलेलं. दुसऱ्याच गाण्याला तांबडीनं असा हंबरडा फोडला की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं आणि ती थेट मांडवात. बायका ताटं घेऊन पळाल्या, नवरदेव पाटावरून उडी मारून ओट्यावर. गावातली चार दांडगी पोरं आमच्याकडं बघायला लागली. आता मार खातोय, असं धरूनच मी काँगो पुढं घेतला. तेवढ्यात घरधनी म्हातारा काठी टेकत आला, आमच्यासमोर उभा राहिला, तांबडीकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "पोरांनो, आदी तुमचं जनावर बांदा. मंग आम्ही आमचं बांदतू."

दिल्यानं तिथंच बनियन काढलं आणि पेन्सिलीनं ढोसून ढोसून तांबडीच्या भोकांत कोंबलं. बोंबलणं थांबलं, पण तिला सर्दी झाली. पुढं त्यानं वेगळा उपाय शोधला. चुलीपासून अडीच-तीन पावलांवर एक जागा असायची. तिथं अंग जरा तिरकं करून उभं राहिलं की तांबडी बोंबलायची नाही, पण धरलेला सूर संपायचाही नाही. दिल्या डोळे मिटून त्या जागेवर उभा राहायचा. या जागेपायी हा एक दिवस हातची नोकरी घालवणार, असं मावशी म्हणायची, आणि जवळपासच्या प्रत्येक प्रोग्रॅमला पहिल्या रांगेत बसायची.

* * *

सुरुवातीला चुलीचा प्लग दोन पिनांचा होता. तो उलटा बसला की गिटारीच्या तारांना हात लावल्यावर मुंग्या यायच्या. म्हणून वाजवण्याआधी वसंता टेस्टर तारेला टेकवायचा. टेस्टरचा दिवा लागला की प्लग फिरवायचा. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. एकदा दिल्याच्या घरी प्रॅक्टिस होती आणि तो दिवा मावशीनं बघितला. पोराच्या बोटाखालच्या तारेत दिवा कसा काय लागला, असं तिनं विचारलं. वसंता हसून म्हणाला की थोडंसं लीकेज आहे, त्यानं कुणी मरत नाही.

"लीक टाकी होते," मावशी म्हणाली. "माझ्या पोराच्या हातात काय लीक होतंय ते सांग."

वसंताचं हसू गेलं. त्याच आठवड्यात त्यानं तीन पिनांचा प्लग लावला आणि चुलीच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंगची जाड हिरवी तार जोडली. अर्थिंग कशाला, तर करंट कुठं फुटलाच तर तो माणसातून न जाता त्या तारेनं जमिनीत जावा. त्यानं मावशीला सांगितलं, आता माझी गॅरंटी. सगळे निर्धास्त झालो. टेस्टर लावणं बंद झालं.

* * *

हा किस्सा हसत कुणीच सांगत नाही.

अंबरनाथला एका कॉलनीत सत्यनारायण होता आणि संध्याकाळी आमचा प्रोग्रॅम. पूजा शेजारीच मांडलेली, म्हणून आम्ही सगळे अनवाणी. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं. करंट कॉलनीतल्याच एका घरातून ओढलेला.

दिल्या कोरसला माइककडं झुकला आणि त्याचे ओठ माइकला लागले. ठिणगी मी पाहिली. पण आम्ही वाजवतच राहिलो, कारण दिल्या उभाच होता. डोळे उघडे, तोंड उघडं, डावी मूठ तांबडीच्या मानेवर आवळलेली. मला वाटलं, पोरगा ॲक्टिंग करतोय. देवाशप्पथ सांगतो, मी हसलो. वसंताला कळलं. त्यानं धावत जाऊन चुलीची वायर अशी हिसडली की प्लगासकट बोर्ड उपटून आला. दिल्या कोसळला, आणि आम्ही उठेपर्यंत मावशी त्याच्यापाशी पोचली होती.

तीन दिवस हॉस्पिटल. जीव वाचला. बोटांवर तारांच्या काळ्या रेघा उठल्या होत्या, त्या महिन्याभरात गेल्या. पण दिल्या तांबडीला शिवेना. मावशीनं ती गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकली, त्यानं ती मागितली नाही. कामावर जायचा, यायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. मला भीती वाटते रे, असं मला एकदाच म्हणाला, आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू.

वसंतानं चूल उघडली. एक कंडेन्सर फुटून सांगाड्यात आणि तिथून वायरीनं तांबडीच्या तारांत करंट उतरला होता, आणि ओठ माइकला लागताच तो दिल्यातून गेला होता. तो कंडेन्सर त्यानं बदलला. पण अर्थिंग असताना करंट दिल्याला लागलाच कसा, हे त्याला कळेना. तीन पिना होत्या रे, तीन पिना होत्या, एवढंच बोलत राहायचा. अन्नावरची वासना उडाली त्याची.

* * *

सहा महिन्यांनी एका रविवारी वसंता चूल उचलून मावशीकडं गेला, मला बरोबर घेऊन. दिल्या घरातच होता. वसंता म्हणाला, मावशी, दुरुस्त केली, चारदा तपासली, दिल्याला एकदा वाजवू द्या, नाहीतर तो असाच संपेल.

मावशीनं ऐकून घेतलं. स्टुलावर चढून माळ्यावरून तांबडी काढली. दिल्याला दिली नाही. स्वतः मोरीत जाऊन बसली, पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, तांबडी मांडीवर घेतली आणि तारा मुठीत धरल्या. म्हणाली, लाव.

वसंतानं वायर जोडली, प्लग बसवला, बटणावर बोट ठेवलं. आणि बोट तिथंच थांबलं. 

"का रे?" मावशी म्हणाली. "माझ्या पोराच्या हातात देताना नव्हतं थांबलं."

वसंतानं प्लग काढला. मेन स्विच बंद केला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन भिंतीवरचा बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागची हिरवी तार दोन इंच जात होती आणि संपत होती. कशालाच जोडलेली नव्हती. शेजारच्या खोलीत तर तारच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो कॉलनीतल्या त्या घरी जाऊन बघून आला, तिथंही तेच. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी तो बोर्डाखाली बसला आणि हुंदके देऊन रडला. मावशीनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, काय लागतं ते कर.

पुढच्या रविवारी आम्ही चाळीच्या मागं माणूसभर खड्डा खणला. लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडे मीठ, वरून पाणी. विहीर काढता का, असं शेजारी विचारून गेले. तिथून जाड तार मावशीच्या बोर्डापर्यंत आणली. वसंतानं शंभरचा बल्ब एकीकडं करंटला आणि दुसरीकडं त्या तारेला लावून दाखवला. फुल पेटला, म्हणजे करंट आता खरंच जमिनीत जात होता. तो म्हणाला, आधी मी धरतो. मावशी म्हणाली, तू बटण दाब. आणि पुन्हा मोरीत बसली, पाय ओले, तारा मुठीत. दिल्या दारात उभा, पांढराफटक.

वसंतानं बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट आम्ही कुणी हललो नाही. एकेक व्हॉल्व्ह लाल झाला, काही झालं नाही. वसंतानं श्वास सोडला आणि म्हणाला, मावशी, सोडा आता.

मावशी सोडेना. मूठ जरा सैल झाली आणि चुलीतून बारीक घुमायला लागलं, मग वाढत गेलं. मावशीची मान खाली, डोळे मिटलेले, हात तांबडीवर तसेच. वसंता पुन्हा म्हणाला, सोडा. हूं नाही की चूं नाही.  वसंतानं प्लगकडं झेप घेतली, पण त्याच्या आधी दिल्या मोरीत होता, अनवाणी, ओल्यात. त्यानं दोन्ही हातांनी तारा पकडल्या आणि तांबडी ओढली.

घुमणं थांबलं. मावशीनं डोळे उघडले.

"ओढतोस कशाला? ऐकत होते मी."

दिल्यानं आपल्या हातांकडं बघितलं. तारा अजून त्याच्या मुठीत होत्या, चूल चालूच होती. मावशी भिंतीला धरून उठली आणि पदर सारखा केला.

"घे. पण चप्पल घालून वाजव. घरात घातलीस तरी चालेल."