नर्सबाईंचं बेलफळ

नर्सबाई आमच्या गल्लीत आल्या की आधी 'ठॉक' असा आवाज व्हायचा. कुणाच्या तरी अंगणातल्या धुण्याच्या दगडावर त्या बेलफळ आपटायच्या आणि एकाच दणक्यात फोडायच्या. दुसरा दणका लागला तर फोडणारीनं सकाळी भाकर खाल्ली नाही असं समजावं, हा त्यांचा हिशेब. आवाज ऐकला की बायका हातातलं काम टाकून बाहेर येत, कारण बेल फुटलं म्हणजे पाठोपाठ कुणाची तरी हजेरी घेतली जाणार. कुणी बाळाला लस टोचायला आणलं नव्हतं, कोण दिवसभर नुसत्या चहावर होती, सगळं त्यांना ठाऊक असे.

सत्तरच्या दशकातलं ते नागपूरचं प्रताप नगर. ले-आउट पडले होते, पण घरं मोजकीच. आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बेलाचं जुनं झाड होतं आणि त्याखाली महादेवाची पिंड. माझ्या सासूबाई दर सोमवारी तिथे पाणी घालीत. पानं पिंडीवर जात आणि फळं खाली पडून सडत. महादेवाचं फळ माणसानं खाऊ नये, अशी सासूबाईंची पक्की समजूत. नर्सबाईंना ते बघवत नसे. "पानं देवाले अन् फळं किड्याले? काहून? देवानं तुमच्या कानात येऊन सांगितलं का?"

बाई सरकारी दवाखान्यातल्या, तेव्हा चाळिशीच्या असतील. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, उन्हानं रापलेल्या. छप्पन साली आईवडिलांबरोबर धम्मदीक्षा घेतली आणि लगेच नर्सिंगला गेले, हे त्या मान ताठ करून सांगत. आम्हा सगळ्या गल्लीला त्यांनी बेलाचं सरबत शिकवलं. पिकलेला गर पाण्यात भिजवायचा, बिया आणि चिकट डिंक काढून टाकायचा, गाळून गूळ आणि जिरेपूड घालायची. नागपूरच्या मे महिन्यात ते पोटात गेलं की जिवाला थंडावा मिळे. पण कुणी त्याला रामबाण म्हटलं की त्या तडकत. "औषध डॉक्टर देते. हे खाणं आहे, खाणं! बाजारातलं रंगीत पाणी पेता, अन् अंगणातलं फळ तुमाले झेपत नाही."

सासूबाई त्यांच्याशी अदबीनं बोलत, पण त्यांना पायरीवर उभं ठेवून. त्यांच्या हातचं काही घरात येत नसे. महादेव हे निमित्त होतं. खरं कारण आम्हा तिघींनाही ठाऊक होतं आणि तिघींपैकी कुणी ते उच्चारत नव्हतं. मला त्याची लाज वाटे, पण सासूपुढे तोंड उघडायची छाती नव्हती.

एका उन्हाळ्यात माझ्या दोन वर्षांच्या चिंगीला जुलाब लागले. नर्सबाई येऊन गेल्या. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून पाजत राहा, पोरगी मलूल दिसली तर थेट दवाखान्यात आणा, असं त्यांनी दोनदा बजावलं. जाताना एक हिरवं बेल पायरीवर ठेवलं. "जुलाब कमी झाले की हे भाजून देऊ," असं त्या म्हणाल्या. त्यांची पाठ वळताच सासूबाईंनी काठीनं ते फळ अंगणाबाहेर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला आणि मी झाडाखाली गेले. घमघमाट सुटलेलं पिवळं फळ उचललं. बेल ते बेल, त्यात काय! गोड होतं म्हणून चिंगीनं मिटक्या मारत खाल्लं. संध्याकाळपर्यंत जुलाब दुप्पट झाले, पोरीचे डोळे खोल गेले. मी रडतच दवाखान्यात धावले. नर्सबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेलं. दोन दिवस सलाईन लागलं. पोरगी वाचली.

घरी आलो तेव्हा सासूबाई माझ्यावर कडाडल्या. नर्सबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "आजी, हिले बोलू नका. कच्चं बेल बांधते, पिकलं मोकळं करते. एवढं एक सांगाचं राहून गेलं माह्यानं. पण मले इथूनच बोलावं लागते नं. अर्धी गोष्ट दारातच राहते."

सासूबाईंनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग उंबऱ्यातून बाजूला झाल्या. "मंग आत येऊन सांगा," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी नर्सबाईंनी आमच्या चुलीत कच्चं बेल भाजलं आणि डॉक्टरांना विचारून घेतलेल्या प्रमाणात पेजेबरोबर चिमूटभर गर चिंगीला चाटवला. पोरीनं आणखी मागितलं तेव्हा मला रडू आवरेना. पुढे सासूबाईंच्या जुनाट मलावरोधाचीही पाळी आली. "आजी, तुमाले पिकलं लागते," म्हणत बाईंनी स्वतःच्या हातानं सरबत गाळलं. सासूबाईंनी डोळे मिटून पेला तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इतक्या खुशीत होत्या, की महादेवाला नेहमीपेक्षा एक तांब्या जास्त मिळाला.

तीन वर्षांनी नर्सबाईंची बदली भिवापूरकडच्या एका खेड्यात झाली. खोली शोधायला त्या दोनदा जाऊन आल्या. "खोली आहे म्हणतात," त्या हसत सांगू लागल्या, "नाव सांगितलं का लगेच त्यायच्या घरी पाहुणे येनार असतात." हसता हसता त्यांनी पदरानं तोंड पुसलं. त्यांना असं खचलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

गावाचं नाव ऐकून सासूबाई उठून बसल्या. ते त्यांचं माहेर होतं. "माह्या भावाचा मोठा वाडा आहे तिथं, दोन खोल्या रिकाम्या पडून आहेत. सूनबाई, पोस्टाचं कार्ड आण."

"आजी, भाडं देऊन राहीन मी," नर्सबाई म्हणाल्या. "उपकाराची खोली नको मले."

"भाडं दे नं वं. नाही कोन म्हनते?" सासूबाई म्हणाल्या आणि मला मजकूर सांगू लागल्या. दादाला नमस्कार. पत्र आणणाऱ्या बाईंना विहिरीकडची खोली द्यावी. गावातली लेकरं त्यांना दाखवावीत.

मी लिहिता लिहिता थांबले आणि सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, तुमच्या दादांनी जात विचारली तर?"

"विचारीनच तो. मी वळखत नाही का त्याले?" सासूबाईंनी क्षणभर नर्सबाईंकडे पाहिलं. "लिही, मी हिच्या हातचं खाल्लं. तूही खा."

मी ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाली त्यांचा अंगठा घेतला.